वतनावर सोडलेलें पाणी

पुण्याहून नसरापूरमार्गें वेल्ह्यास जाणाऱ्या वाटेवर विंझर हें गांव लागतें. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच मुलुखांतले. डोंगरापलीकडे भोरच्या बाजूस रोहिडखोरें, आणि त्यांत जेधे देशमुखांची कारी. शील, मैत्री आणि वक्तृत्व यांविषयीं ग्रीक तत्त्ववेत्त्यांनीं जे सिद्धान्त मांडले, त्यांची पारख करावयास अथेन्सचा चौकच पाहिजे असें नाहीं. १६५९ सालीं या मावळांत जें घडलें तें त्या कामीं पुरेसें आहे.

अफजलखान शिवाजीमहाराजांवर चालून आला त्या वर्षींची ही गोष्ट. १६ जून १६५९ चें अली आदिलशहाचें फर्मान कान्होजी जेध्यांस आलें: खानास सामील व्हावें. न झाल्यास वतन जाणार हें उघड होतें. आज आपण वतन म्हणजे फार तर उत्पन्न समजतों. परंतु त्या काळच्या देशमुखास वतन म्हणजे वाडवडिलांचें नांव, पंगतींतला मान आणि मुलांचें भवितव्य असें सर्व एकत्र होतें. शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले, ते याच हिशोबानें. त्यांस एका शब्दानें नीच ठरविणें सोपें आहे, पण तो हिशोब सर्वांच्याच घरीं चालू होता.

कान्होजी आपल्या पांच पुत्रांसह महाराजांकडे आले व फर्मान त्यांनीं पुढें ठेवलें. जेधे करीन्यांत पुढील हकीकत आहे. महाराजांनींच त्यांस सांगितलें कीं, खोपडे गेले, तुम्हीही जा, नाहींतर वतनास धोका आहे. कान्होजींनीं हातांत पाणी घेऊन वतनावर सोडलें. करीना हा जेध्यांच्या घरचाच कागद. त्यांत घरच्या माणसाचें कौतुक असणारच. तथापि फर्मान खरें आणि कान्होजी खानाकडे गेले नाहींत हेंही खरें. त्यामुळें प्रसंगाचा गाभा संशयापलीकडे राहतो.

आरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत मैत्रीचे तीन प्रकार केले आहेत: उपयोगासाठीं, सुखासाठीं आणि गुणासाठीं. पहिले दोन त्यांचें कारण संपतांच संपतात. तिसरा टिकतो, पण त्यास काळ लागतो. एकत्र बसून पुरेसें मीठ खाल्ल्याशिवाय माणसें एकमेकांस ओळखीत नाहींत, अशी ग्रीकांची म्हण तो तेथें देतो. (आपलें मिठाला जागणें हें चाकराचें धन्याशीं, ग्रीकांचें मीठ बरोबरीच्यांचें. हा भेद लहान नाहीं.) कान्होजी शहाजीराजांबरोबर कैदेंत होते, १६४९ मध्यें सुटका झाल्यावर शहाजीराजांनीं त्यांस मावळांत पुत्राकडे धाडलें. म्हणजे फर्मान आलें तेव्हां दहा वर्षांचें मीठ पोटांत होतें. पाणी सोडलें तें वतनावर, म्हणजे नेमकें उपयोगाच्या मैत्रीचें जें मूळ त्यावरच. तें तोडल्यावर काय उरतें, हें महाराजांस पाहावयाचें होतें असें मला वाटतें. ‘तुम्ही जा’ हें बोलणें मनापासून होतें कीं परीक्षा होती, याचा वाद हवा तर करावा. परंतु नुकसान आधीं सांगून मग माणूस मागणें ही खुशामत नव्हे. प्लेटोनें ‘गॉर्जियस’ संवादांत खुशामती वक्तृत्वास पाककलेच्या पंक्तीस बसविलें आहे, वैद्यकाच्या नव्हे. येथें पुढें आला तो काढा होता.

नंतर महाराजांनीं कान्होजींसच इतर देशमुखांची मनें वळविण्यास सांगितलें. जेध्यांचा कबिला तळेगांवास हलविण्यांत आला. बांदल, शिळिमकर, पासलकर, मरळ ही मंडळी एकत्र झाली. येथें ग्रीकांतच मतभेद आहे. आरिस्टॉटल म्हणतो, वक्त्याचें शील हें मन वळविण्याचें बहुधा सर्वांत प्रबळ साधन. मात्र तो विश्वास भाषणांतूनच उत्पन्न व्हावा, वक्त्याविषयींच्या पूर्वग्रहांतून नव्हे. वृद्ध आयसोक्रेटिसाचें मत उलट: शब्दांच्या पुराव्यापेक्षां आयुष्याचा पुरावा भारी. मावळच्या देशमुखांस विचारलें असतें तर त्यांनीं आयसोक्रेटिसाच्या बाजूनें कौल दिला असता. कान्होजी काय बोलले यापेक्षां बोलणारा वतन सोडून आला आहे, हेंच त्यांनीं ऐकलें. हाच मजकूर वतन राखून बसलेल्या कोणी सांगितला असता, तर तो कितीही सुरेख असला तरी बैठक उठून गेली असती.

१० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडीं खान पडला. खोपडे जीव वांचविण्यासाठीं आडोसा शोधूं लागले, आणि त्यांच्यासाठीं रदबदली करावयास आले ते कान्होजीच. महाराजांनीं त्यांच्या शब्दाखातर प्राण राखले, पण खंडोजींचा एक हात आणि एक पाय तोडविला. मित्राचा शब्द अर्धा पाळला कीं पुरा, यावर कान्होजी नाराज झाले. मैत्री आणि न्याय एकाच गोष्टींशीं संबद्ध असतात, असें आरिस्टॉटल लिहितो; पण दोघांचा तंटा लागला तर निवाडा कसा करावा, याचें उत्तर त्या एका वाक्यांत मिळत नाहीं. त्या दिवशीं महाराजांनीं न्यायास हातपाय दिले आणि मैत्रीस प्राण. कान्होजी रुष्ट झाले, पण गेले नाहींत.