‘लिगेत’चा अर्थ

मानवी भावना सर्वत्र एकच असतात, की प्रत्येक समाज त्यांना आपल्या परीने घडवितो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानवशास्त्रापुढे नव्या आग्रहाने उभा राहिला. पॉल एकमन यांनी १९६७-६८च्या सुमारास न्यू गिनीतील फोरे लोकांना छायाचित्रे दाखवून, हर्ष, शोक, क्रोध आदी भावांच्या मुखमुद्रा सार्वत्रिक असल्याचे प्रतिपादन केले. त्याच काळात मिशेल रोझाल्डो (१९४४-१९८१) या अमेरिकन विदुषी पती रेनाटो यांच्यासह फिलिपिन्समधील इलोंगोट जमातीत राहत होत्या. त्यांनी मुद्रांऐवजी शब्दांचा मागोवा घेतला.

मनिलाच्या ईशान्येस सुमारे ९० मैलांवरील डोंगराळ अरण्यात सुमारे साडेतीन हजार इलोंगोट फिरती शेती आणि शिकार यांवर निर्वाह करीत. नरमुंडाच्या शिकारीसाठी ते कुविख्यात होते. त्यांच्या बोलण्यात ‘लिगेत’ हा शब्द पुनःपुन्हा येई. त्याला क्रोध म्हणावे, तर शेतात जोमाने राबणाऱ्याच्या अंगीही लिगेतच असे. ते मत्सरातून उपजे आणि मनुष्याला कर्तृत्वाकडेही नेई. मराठीतील ‘ईर्षा’ या शब्दात द्वेष आणि हुरूप असे दोन्ही अर्थ नांदतात, हे आठवले की या शब्दाची जात ध्यानी येते. लिगेतला दिशा देतो तो वयपरत्वे येणारा विवेक, म्हणजे ‘बेया’. या दोहोंच्या संबंधावरच मिशेल यांचा १९८०चा प्रमुख ग्रंथ उभा आहे. भावना म्हणजे देहात मुरलेला विचारच होय, ही त्यांची पुढील मांडणीही येथूनच निघाली.

शिरच्छेद का करता, या प्रश्नावर इलोंगोट वृद्ध एवढेच सांगत, की आप्तमृत्यूच्या शोकातून संताप उसळतो आणि तोडलेले शिर भिरकावून दिले म्हणजे तो भार उतरतो. रेनाटोंना हे उत्तर अपुरे वाटे. १९७२मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा जारी केल्यावर ही प्रथा अशक्य झाली, आणि अनेकांनी ख्रिस्ती धर्म जवळ केला. १९७४मध्ये पूर्वीच्या मुंडोत्सवाचे ध्वनिमुद्रण लावताच इलोंगोटांनी ते तत्काळ बंद करावयास लावले. त्या गीताने काळीज ओढले जाई, आणि शोकाला आता वाट उरली नव्हती.

११ ऑक्टोबर १९८१ रोजी इफुगाव प्रदेशात पायवाटेवरून चालताना मिशेल सुमारे ६५ फूट खोल कड्यावरून कोसळून मृत्यू पावल्या. पत्नीचे शव पाहताना रेनाटोंच्या मनात दुःखासमवेत प्रचंड संताप दाटला. पहिल्यांदा ऐकलेल्या त्या साध्या उत्तराचा अर्थ उमगण्यास सुमारे चौदा वर्षे लागली, असे त्यांनी पुढे नमूद केले.

आपल्या रसव्यवस्थेत शोक हा करुणाचा, तर क्रोध हा रौद्राचा स्थायी भाव. शास्त्राने त्यांची दालने वेगळी केली. महाभारताने मात्र त्यांमधील दार उघडेच ठेवले. अभिमन्यूच्या वधाने विव्हळ झालेला अर्जुन त्याच घटकेस जयद्रथवधाची प्रतिज्ञा करतो. अश्वत्थाम्याचा पितृशोक तर निद्रिस्त शिबिराचा संहार करून थांबतो. म्हणून इलोंगोटांचे उत्तर आपल्याला सर्वस्वी परके ठरू नये. शिरच्छेद थांबला, हे इष्टच झाले. तथापि एखाद्या समाजाची रूढी मोडली, की तिच्या आश्रयाने वाहणारा शोक मोडत नाही. त्याला दुसरे पात्र शोधावे लागते. समाजाच्या स्वास्थ्याचा विचार करणाऱ्याला या शोधाकडे पाठ फिरविता येणार नाही.