दंत-क्षकिरण चित्रण, बौद्धिक अक्षम रुग्णांचे
बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या दातांचे एक्स-रे घेण्याची, त्यांच्या सहनशक्तीशी जुळवून घेतलेली पद्धत. 1896 मध्ये जर्मनीत ओटो वॉल्खोफ यांनी दातांचे पहिले चित्र घेतले, तेव्हा सुमारे 25 मिनिटे निश्चल राहावे लागले होते. आज एक क्षण पुरतो. पण अनोळखी खोलीत, तोंडात टोचणारी फिल्म धरून, तो क्षणही काहींना पेलत नाही.

उपाय साधेच आहेत. आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे. यंत्र रुग्णाला हाताळू द्यावे, फिल्म तोंडात धरण्याचा सराव घरी चमच्याने करून घ्यावा. मोठ्या फिल्मऐवजी 22 × 35 मिमीची बालकांची फिल्म वापरावी. उमासा येत असेल, तर गालाबाहेर फिल्म धरून तिरपे चित्र घेता येते. ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एकत्रित चित्रात, तोंडात फिल्म नसते, मात्र दहा-वीस सेकंद मान स्थिर लागते. नेमके तेच अवघड. आधार द्यायचा झाल्यास शिशाचा एप्रन घातलेल्या नातेवाइकाने द्यावा. कर्मचाऱ्याने रोज धरणे अयोग्य. भूल हा शेवटचा मार्ग.

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी-निपाणी पट्ट्यात भाषेचाही प्रश्न येतो. घरात मराठी, बाहेर कन्नड. ‘आ कर’ हे आईच्या बोलीतच ऐकू आले, तर तोंड लवकर उघडते. शिवाय दंत महाविद्यालयासाठी बेळगावसारखे शहर गाठावे लागते. एवढ्या प्रवासाने थकलेल्या रुग्णाचे चित्र पहिल्याच भेटीत घेण्याचा हट्ट न धरणे बरे.