जुन्या पेट्रोल-इंजिनाचा कालनिर्णय

पोथीच्या अखेरीस आढळणारा शक हा त्या प्रतीचा लेखनकाल असतोच असें नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. नकलकारानें मूळ प्रतींतील समाप्तिलेख जसाच्या तसा उतरला असेल, तर शंभर-दीडशें वर्षांनंतरची नक्कलही जुन्या शकाची म्हणून आपणांस फसविते. हीच फसगत यंत्रांच्या बाबतींतही होते, आणि तिचें उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील शेतांवर चालणारीं लहान स्थिर पेट्रोल-इंजिनें होत. त्यांवरील पितळी पाटीवर छापलेली तारीख हीच इंजिनाची जन्मतिथि समजून ती टिपणांत नोंदण्याचा मोह संग्राहकांस पडतो. हा समज टिकण्याजोगा नाहीं, व त्याऐवजीं कोणती पद्धति स्वीकारावी, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम विषयाची ओळख. जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें १८७६ त चार ठोक्यांचें इंजिन सिद्ध केलें. त्याच तत्त्वावर पुढें अमेरिकेंत दीड, तीन, सहा अश्वशक्तीचीं इंजिनें विपुल निघूं लागलीं. विहिरीचें पाणी ओढणें, धान्य भरडणें, लांकूड कापणें हीं कामें तीं करीत. १९३५ त तेथें ग्रामीण विद्युतीकरणासाठीं स्वतंत्र सरकारी खातें निघालें, व वीज शेतापर्यंत पोंचूं लागली तशी या इंजिनांची गरज सरली. दुसऱ्या महायुद्धांत तर पुष्कळशीं मोडींत गेलीं. जीं उरलीं त्यांचीं कारखान्यांतील कागदपत्रें क्वचितच सांपडतात. म्हणून इंजिनालाच साक्षीदार करावें लागतें.

आतां पाटीकडे वळूं. तिच्यावरील तारीख बहुधा पेटंटाची असते. कारखाना एकच पाटी वर्षानुवर्षें ठोकीत असल्यानें त्या तारखेवरून इतकेंच सिद्ध होतें कीं, पाटी त्यापूर्वींची नव्हे. तारखा अनेक असल्यास त्यांतील सर्वांत अलीकडची तेवढी प्रमाण धरावी. अक्षर झिजलें असेल तर काय करावें? येथें आपल्या ओळखीचेंच एक साधन उपयोगी पडतें. शक, तिथि व वार यांचा मेळ जंत्रीवरून पाहून आपण पत्राचा खरेखोटेपणा ठरवितों. अमेरिकन पेटंटांसही असा एक वार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तीं मंगळवारींच दिलीं जातात. ऑटोचें अमेरिकन पेटंट, क्रमांक १,९४,०४७, हें १४ ऑगस्ट १८७७ चें, आणि तो दिवस मंगळवारच होता. समजा, कोणी झिजलेला ‘१४’ हा आंकडा ‘११’ असा वाचला, तर वार शनिवार येतो. वर्ष ‘१८७१’ वाचलें, तर सोमवार येतो. दोन्ही वाचनें तत्काळ बाद होतात.

तारखेऐवजीं क्रमांक असल्यासही मार्ग आहे. दहा लाखावें पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजीं, व वीस लाखावें ३० एप्रिल १९३५ रोजीं दिलें गेलें. अर्थात् दहा लाखांवरील क्रमांक असलेली पाटी १९११ पूर्वींची असणें शक्य नाहीं. शिवाय १९२७ च्या कायद्यानें मालावर तारखेऐवजीं पेटंटाचा क्रमांक घालण्याचा दंडक आला. हेंही लक्षांत ठेवावें.

दुसरा प्रश्न नांवाचा. इंडियाना संस्थानांतील एव्हान्सव्हिल येथें १९१२ त हर्क्युलिस गॅस इंजिन कंपनी निघाली. तिचीं इंजिनें तिच्या स्वतःच्या नांवानें विकलीं जात. तींच सीअर्स, रोबक या टपालानें माल विकणाऱ्या पेढीकडून ‘इकॉनॉमी’ नांवानें, व काँक्रीट कालविण्याच्या यंत्रांवर ‘येगर’ नांवानें जात. म्हणजे लेखक एक व मालकांचे शिक्के तीन! उलटपक्षीं, ‘इकॉनॉमी’ हें नांव हर्क्युलिसपूर्वीं इतर कारखान्यांच्या इंजिनांवरही असे. तेथें शिक्का एक व लेखक निराळे. तेव्हां नुसत्या नांवावरून कर्ता ठरविणें धोक्याचें. रंग मात्र कांहीं सांगतो: हर्क्युलिस हिरवें, इकॉनॉमी तांबडें. पण रंग पुन्हा देतां येतो, आणि दोन खिळ्यांवर बसलेली पाटीही एका धडावरून दुसऱ्यावर जाऊं शकते. म्हणून अनुक्रमांक पाटीखेरीज अन्यत्रही शोधावा. कांहीं कारखाने तो क्रँकच्या आंसाच्या टोंकावरही ठोकीत.

तिसरें साधन ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचें. रसीन येथील वेब्स्टर कंपनीचा मॅग्नेटो एका ओतीव बैठकीवर बसे व तीच बैठक सिलिंडरांतील संपर्कबिंदूही धारण करी. ही बैठक त्या त्या इंजिनासाठीं निराळी ओतलेली असून तिच्यावर क्रमांक उठविलेला असे. पाटी हरवली तरी हा क्रमांक धडाचें कूळ सांगूं शकतो. उलट, स्पार्क प्लगास वीज पुरविणारा विको कंपनीचा ‘ईके’ मॅग्नेटो जुन्या इंजिनांवर मागाहून बसविण्यासाठींही विकला जाई. तो दिसला म्हणून इंजिन उत्तरकालीन ठरत नाहीं. पोथीला नवें वेष्टन चढविलें म्हणून पोथी नवी होत नाहीं, तसेंच हें.

चौथें, चालण्याची रीति. गति वाढली कीं गव्हर्नर एक्झॉस्टची झडप उघडी धरतो. मग इंधन आंत येत नाहीं, ठिणगी पडत नाहीं, व जड गतिचक्रें आपल्याच वेगानें फिरत राहतात. गति उतरली कीं पुन्हा एक ठोका. ही रीति जुनी खरी. परंतु जॉन डीअरचें १९२३ त निघालेलें ‘ई’ जातीचें इंजिन याच रीतीनें चालत असून त्याचें उत्पादन १९४० पर्यंत तरी चालूं होतें. जुनें वळण म्हणजे जुना काळ नव्हे, हें मोडी वाचणारांस पटावें.

यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, कोणत्याही एका खुणेवरून साल नोंदूं नये. धड, पाटी, बैठक, मॅग्नेटो व रंग यांची साक्ष वेगवेगळी घ्यावी; त्यांत विरोध आल्यास धडाच्या ओतीव भागांस अधिक मान द्यावा, आणि नोंद ‘अमुक सालीं झालें’ अशी न करतां ‘अमुक सालापूर्वींचें नव्हे’ अशी करावी. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. इंजिन हातीं येतांच तें घासून, रंगवून चकचकीत करण्याची घाई करूं नये. पाटीखालचा मूळ रंग, खिळ्यांची जुनी भोंकें, ओतीवावरील झिजलेले आंकडे हाच त्याचा समाप्तिलेख आहे. तो एकदां पुसला गेला, कीं कोणतीही जंत्री तो परत देऊं शकणार नाहीं.