मेमरी बॅरियर : घालण्याची आणि काढण्याची कुळकथा

मेमरी बॅरियर म्हणजे प्रोसेसरला दिलेली अशी सूचना, की तिच्या आधीची मेमरीतील वाचने आणि लेखने इतर प्रोसेसरांच्या दृष्टीने तिच्या नंतरच्यांआधीच घडलेली दिसावीत. कल्याणहून आधी सुटलेल्या धीम्या लोकलला मागाहून सुटलेली जलद लोकल वाटेत गाठते आणि ठाण्याला आधी पोहोचते. तसेच एखादे लेखन स्टोअर बफरात, म्हणजे कॅशेकडे जाण्यापूर्वीच्या छोट्या रांगेत, थांबलेले असताना त्यानंतरचे वाचन पुढे निघून जाते. एकाच प्रोसेसरवर याने काही बिघडत नाही, परंतु दोन प्रोसेसर एकच मेमरी वापरू लागले की बिघडते.

सर्व प्रोसेसरांच्या क्रिया जणू एकाच रांगेत, आपापल्या प्रोग्रामच्या क्रमाने घडाव्यात, हा आदर्श लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये मांडला. तो काटेकोर पाळायचा तर वेग गमवावा लागे. पवईच्या आयआयटीतून १९८७ मध्ये पदवी घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात गेलेल्या सरिता अडवे यांनी मार्क हिल यांच्यासह १९९० मध्ये या प्रश्नाला करारनाम्याचे रूप दिले : प्रोग्रामरने परस्परविरोधी वाचन-लेखनांमध्ये समन्वयाच्या क्रिया नीट ठेवल्या, तर यंत्राने त्याला लॅम्पोर्ट यांचाच आदर्श दिसेल अशी हमी द्यावी. या मांडणीचे मोल मोठे आहे, कारण बॅरियर कोठे हवा याबरोबरच तो कोठे नको, हेही तिच्यामुळे सिद्ध करता येऊ लागले.

कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बॅरियर वाढण्यास १९९२ मध्ये आलेला अल्फा प्रोसेसर बराचसा कारणीभूत ठरला. पॉइंटर, म्हणजे माहितीचा पत्ता, नवा वाचला तरी त्या पत्त्यावरची माहिती जुनीच दिसण्याची मुभा या प्रोसेसरच्या नियमांत होती. केवळ त्याच्यासाठी लिनक्समध्ये एक वेगळा बॅरियर ठेवावा लागला, जो इतर प्रोसेसरांवर काहीच करीत नसे, पण वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक ठिकाणी कोड्यात टाकी. बॅरियर घालणे सोपे असते. तो काढताना मात्र प्रत्येक प्रोसेसरवर, प्रत्येक संभाव्य क्रमाने, कोड बरोबरच राहतो हे दाखवावे लागते, आणि ते चाचणीने पूर्णपणे दाखवता येत नाही, कारण चूक लाखो वेळा दडून राहू शकते. म्हणूनच प्रत्येक बॅरियरशेजारी त्याचे कारण सांगणारी टिप्पणी असावी हा लिनक्सचा दंडक आहे आणि ती नसल्यास कोड तपासणारे साधन इशारा देते. ज्याचे कारण लिहिलेले नाही, तो बॅरियर काढण्याचे धाडस जाणकारही सहसा करीत नाही.

२०१८ मध्ये लिनक्सचे औपचारिक मेमरी मॉडेल कर्नेलमध्येच दाखल झाले आणि छोट्या नमुना-प्रोग्रामांचे सर्व शक्य निकाल संगणकाकडून तपासून घेता येऊ लागले. त्याच वर्षीच्या ४.१५ आवृत्तीत अल्फाचा बॅरियर रीड-वन्स या नेहमीच्या वाचन-क्रियेच्या पोटात गेला होता. त्यामुळे स्वतंत्र सूचनेची गरज संपली आणि २०२० मधील ५.९ आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. अल्फावर मात्र तोच बॅरियर त्या वाचन-क्रियेच्या आत पुढेही चालू राहिला.