बालकेंद्री शिक्षण आणि शिक्षकाचे मन

मुलाला केंद्रस्थानी ठेवून शिकवावे, हा विचार आज प्रत्येक शैक्षणिक परिपत्रकात आढळतो. तथापि वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षकाने या विचाराकडे कोणत्या नजरेने पाहिले, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. शाळा चालविणारे, शाळेस देणगी देणारे आणि शाळेत मुले धाडणारे अशा आपणा सर्वांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. म्हणून ही उजळणी.

इंग्रजी अमलाच्या आरंभी आपल्याकडे गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, पाढे तोंडपाठ करावेत आणि चुकल्यास छडी खावी, ही तेथील रीत. परंतु त्या शाळेत इयत्ता नव्हती. प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाई आणि थोरला धाकट्याला शिकवी. वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. इयत्ता, नेमलेली पुस्तके आणि तपासणीस येणारे डेप्युटीसाहेब त्याच्या पाठोपाठ आले. पुढे खाजगी शाळांचे अनुदानही मुलांच्या परीक्षेतील निकालावर ठरू लागले. तेव्हापासून शिक्षकाचे डोळे मुलाकडून डेप्युटींकडे वळले ते वळलेच, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या रीतीला पहिला मोठा छेद शेजारच्या गुजरातेत बसला. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करता करता ते मारिया माँटेसोरींच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू झाले. १९३० च्या दशकात त्यांनी लिहिलेले ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मराठी वाचकांसही परिचित आहे. त्यातील लक्ष्मीराम हा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून एका वर्षापुरता चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ फसतो, वर्गात गोंधळ माजतो आणि मुलांना सुट्टी द्यावी लागते! सहकारी शिक्षक हसतात. गोष्टी सांगत बसल्यावर अभ्यासक्रम कधी पुरा होणार आणि परीक्षेचे काय, अशा त्यांच्या शंका असतात. गिजुभाईंनी या सहकाऱ्यांना खलनायक केले नाही. त्यांची भीती खरी आहे, हे ते जाणून होते. लक्ष्मीरामाला मात्र वर्षभराची मोकळीक होती, आणि ती इतरांना नव्हती. एवढा एक फरक ध्यानात घेतला तर पुढील सारा इतिहास उलगडतो.

१९२३ मध्ये श्रीमती ताराबाई मोडक भावनगरास आल्या. राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या होत्या, म्हणजे शिक्षिका घडविणे हेच त्यांचे काम होते. ते सन्मानाचे पद सोडून त्या लहान मुलांच्या खोलीत नव्याने शिकावयास बसल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे दादर येथे शिशुविहार उभे राहिले.

पण खरी कसोटी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघरमधील) बोर्डी येथे होती. १९४५ मध्ये तेथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले. श्रीमती अनुताई वाघ या तेव्हा ताराबाईंना येऊन मिळाल्या. पुण्यात कित्येक वर्षे ठराविक पद्धतीने वर्ग घेतलेल्या या शिक्षिकेला येथे पुष्कळ काही विसरावे लागले असणार. आदिवासी मुले शाळेपर्यंत येईनात. तेव्हा शाळाच पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि अंगणवाडी जन्मास आली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग ठरला. माँटेसोरींची महागडी साधने परवडण्याजोगी नव्हती; त्यांची जागा बिया, खडे, पाने आणि शिंपले यांनी घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाचे काम न सोडवता त्याला शिकवावयाचे, तर वेळापत्रक मुलाचे असावे लागते. येथे तपासणीचा धाक नव्हता, आणि ताराबाई स्वतः बरोबर होत्या.

सरकारी शाळांतील शिक्षकाला अशी सोबत क्वचितच लाभली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बालकेंद्री पद्धतीचा स्वीकार केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर तिला कायद्याचे बळ दिले. या कायद्याचे कलम २९ कृती, शोध व अन्वेषण यांतून बालकेंद्री रीतीने शिकवावे असे सांगते. त्याच कायद्याचे कलम २४ शिक्षकाला बजावते की, संपूर्ण अभ्यासक्रम नेमून दिलेल्या वेळेत पूर्ण करावा. लक्ष्मीरामाचे हसणारे सहकारी आणि स्वतः लक्ष्मीराम असे दोघेही एकाच कायद्यात येऊन बसले आहेत! अशा वेळी शिक्षक कोणते कलम आधी पाळील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. ‘नव्या पद्धती चांगल्या, पण आमच्या वर्गात शक्य नाहीत’ हे शिक्षकांचे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याला आळस म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या प्राथमिक शाळांनी या शतकाच्या दुसऱ्या दशकात वेगळे चित्र दाखविले. तेथील ज्ञानरचनावादी वर्ग पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले. परत आल्यावर अनेक शाळांच्या फरश्या रंगल्या. कुठे त्या रंगांवर मुले बसून शिकू लागली, कुठे फरशी तेवढी रंगीत राहिली. रंग विकत मिळतो. चुकण्याची मुभा शिक्षकाला वरिष्ठांकडून, संस्थाचालकांकडून आणि आपल्यासारख्या पालकांकडून मिळावी लागते. पालकसभेत ‘वही कोरी कशी?’ हा प्रश्न आजही सर्वात आधी विचारला जातो, आणि शिक्षक दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहून देतात.