धूर वर जातो, गॅस खाली बसतो

 

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गडकिल्ले येतात. आज मी इतिहास सांगणार आहे तो आपल्या शेगडीचा. शेगडी कुठं मांडायची, टाकी कुठं ठेवायची, नळी केवढी असावी, हे नियम गॅसबरोबर मिळालेल्या कागदावर छापलेले असतात. आपण ते वाचत नाही, कारण कुणीतरी उगाच घातलेली बंधनं वाटतात ती. पण त्यातल्या बऱ्याच नियमांमागं काहीतरी घडलेलं आहे, कुणाचा तरी जीव गेलेला आहे. ते एकदा कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

सुरुवात चुलीपासून करू या. चूल जमिनीवर. बाई पाटावर नाहीतर उकिडवी बसलेली. धूर वर जाणार, कौलांतून बाहेर पडणार. चुलीवरच्या माळ्यावर बियाणं ठेवायचं, सुकी मासळी टांगायची, धुरामुळं कीड लागत नाही. म्हणजे चुलीबद्दलचं आपलं सगळं शहाणपण एका गोष्टीवर उभं आहे: जे काही निघतं ते वर जातं आणि डोळ्यांना दिसतं. धुरानं डोळे गेले, छातीत खोकला बसला, पण चूल कधी गुपचूप दगा देत नव्हती.

मग रॉकेलचा स्टोव्ह आला. पंप मारायचा, पिन घालायची, फरफर आवाज करणारा. स्वीडनमध्ये १८९२ साली प्रायमस कंपनीचा हा स्टोव्ह निघाला आणि पुढं आपल्याकडं घरोघरी पोचला. त्याचा भडका उडून बाई भाजली, अशी बातमी आपल्या आयांच्या काळात पेपरात नेहमीची होती. त्यातल्या काही भडक्यांमागं सासुरवास होता, हेही आपण जाणतो. १९८३ साली ४९८ अ हे कलम आलं, त्यामागं अशाच मरणांची चीड होती.

आता गॅस. मुंबईत १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून बनवायचे. लालबागला बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना होता, तिथून पाइपानं तो शहरातल्या काही घरांत जायचा. पण तो शहरापुरता. पाइप नाही तिथं गॅस नाही.

टाकीत भरून नेता येईल असा गॅस पुढं अमेरिकेत सापडला. १९१० च्या सुमारास वॉल्टर स्नेलिंग नावाचा रसायनतज्ज्ञ पेट्रोल उडून का जातं याचा शोध घेत होता. त्याला दिसलं की पेट्रोलमधून प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू निघून जातात, आणि दाब दिला की त्यांचं पाणी होतं, म्हणजे ते द्रव होतात. आपल्या टाकीत हलवल्यावर डुचमळतं ते हेच. एक वाटी द्रव बाहेर सुटला तर त्याचा सुमारे अडीचशे वाट्या वायू होतो. म्हणून तर छोट्याशा टाकीत महिनाभराचा स्वयंपाक मावतो, आणि म्हणूनच छोटीशी गळतीही खोली भरून टाकते.

आपल्याकडं हा गॅस १९५५ साली मुंबईत आला. चेंबूरजवळ माहुलला बर्मा शेलची रिफायनरी त्याच वर्षी सुरू झाली होती. तिथला गॅस ‘बरशेन’ नावानं विकायला लागले. पुढं १९६५ साली कोलकात्याला इंडेनची पहिली जोडणी दिली गेली. १९७६ साली बर्मा शेल सरकारनं ताब्यात घेतली, तिचं भारत पेट्रोलियम झालं. १९७४ साली मुंबई हायच्या समुद्रात तेल लागलं, आणि त्याच्याबरोबर निघणारा वायू आपल्या शेजारच्या उरणला यायला लागला. स्वयंपाकाचा गॅस तिथंही वेगळा काढतात. एवढा गॅस जवळ असूनही गॅस मिळणं ही मोठी गोष्ट होती. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. खासदारांकडं जोडण्यांचा कोटा असायचा. वाडीतल्या बाईपर्यंत तर यादीही पोचत नव्हती.

ते चित्र बदललं १ मे २०१६ ला. उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरातल्या बाईच्या स्वतःच्या नावावर जोडणी मिळायला लागली. योजनेतली आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याच महाराष्ट्रात, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला दिली गेली, आणि तीही बचत गटांच्या बायकांच्या मेळाव्यात. शेतजमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर. पुष्कळ बायकांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही आलं असेल तर ते गॅसचं पुस्तक.

पण पुस्तक नावावर आलं, तरी माहिती हातात आली का? मी बैठकीत विचारते, रेग्युलेटर कोण लावतं? उत्तर येतं, मुलगा लावतो, नवरा लावतो, टाकी आणणारा भाऊ लावून जातो. शेगडी कुठं ठेवली? चुलीशेजारी, जमिनीवर, कारण स्वयंपाक तिथंच व्हायचा. इथंच खरी गोम आहे.

मैत्रिणींनो, धूर वर जातो, गॅस खाली बसतो. टाकीतला गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, मोरीत उतरतो, उंबऱ्याशी साठतो. खोलीतल्या हवेत शंभरात दोन भाग मिसळला तरी पेट घेऊ शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही. चुलीनं आपल्याला जे शिकवलं, त्याच्या नेमकं उलट. शेगडी मांडण्याचे नियम यातूनच आले.

पहिला नियम: टाकी जमिनीवर उभी, शेगडी तिच्यापेक्षा उंच. गळती झाली तर गॅस खाली आणि ज्योत वर राहावी, यासाठी ही सोय. उभ्याचा ओटा ही नुसती शहरी फॅशन नाही. पक्का ओटा बांधणं परवडत नसेल तर विटांवर कडाप्प्याची फरशी टाकली तरी चालते. लाकडी टेबल, प्लॅस्टिकचं स्टूल नको. टाकी आडवी ठेवायची नाही, खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवायची नाही, मोरीच्या तोंडाशी ठेवायची नाही.

दुसरा नियम: टाकीजवळ दुसरा जाळ नको. टाकी महाग पडते म्हणून पाणी तापवायला, भाकरीला चूल अजून पेटते, ते मला ठाऊक आहे. पण चूल पडवीत न्या, मागच्या दारी न्या, गॅसच्या खोलीत नको. देव्हाराही बघा. कित्येक घरांत देव्हारा स्वयंपाकघरात, समई जमिनीवर आणि शेजारी टाकी. गॅस खाली बसतो, आणि समईची वातही खालीच आहे. शेगडी खिडकीच्या अगदी समोर नको, वाऱ्यानं ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो. वर पडदा किंवा फळी नको.

तिसरा नियम नळीचा, आणि याच्यासाठी मी तुम्हाला लंडनला नेते. १६ मे १९६८ ची पहाट. रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत, नवीकोरी. अठराव्या मजल्यावरच्या एका बाईनं चहासाठी काडी ओढली. घरात गॅस साठलेला होता. स्फोटानं भिंती उडाल्या आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. ती बाई मात्र वाचली. चौकशीत दिसलं की इमारतीचं बांधकाम कच्चं होतंच, पण गॅस सुटला तो एका पितळी नटामुळं. शेगडीला गॅसची नळी जोडणारा हा नट ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ होता आणि तो तुटला. शेगडी तिला ओळखीच्याच माणसानं जोडून दिली होती. आपल्याकडंही असंच चालतं ना? ‘भाऊ बसवून देतो, पैसे कशाला घालवायचे?’

म्हणून नवी शेगडी एजन्सीच्या मेकॅनिककडून जोडून घ्या. शेगडी, रेग्युलेटर, नळी तिन्हींवर आयएसआयचा शिक्का हवा. नळी आत तारेची जाळी असलेली, ‘सुरक्षा’ नावानं मिळणारी केशरी नळी घ्या. दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, भिंतीतून आरपार नको, शेगडीच्या खालून नको. उंदीर लागतो म्हणून तिच्यावर कापड गुंडाळू नका, चीर पडलेली दिसत नाही. नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदला, चांगली दिसत असली तरी.

आता वासाची गोष्ट. गॅसचा तो सडक्या कोबीसारखा घाण वास त्याचा स्वतःचा नाही, मुद्दाम मिसळलेला आहे. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी एका शाळेच्या फरशीखालच्या बंद जागेत गॅस साठत गेला. त्याला वास नव्हता, कुणाला कळलं नाही. कार्यशाळेतल्या एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि शाळा उडाली. जवळजवळ ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथं कायदा झाला की गॅसमध्ये वास मिसळलाच पाहिजे, आणि ती पद्धत जगभर गेली. आपल्या टाकीतलं ते द्रव्य आहे मर्कॅप्टन. तो वास आला की त्या मुलांची आठवण ठेवा आणि ‘येतो थोडा वास’ म्हणून सोडून देऊ नका.

वास आला तर क्रम असा. समई, उदबत्ती, चूल, सगळं विझवा. रेग्युलेटर बंद करा, काढून टाकीला तिची टोपी बसवा. ती दोरीला बांधलेली टोपी कापून फेकू नका, ती यासाठीच असते. दारं उघडा, विशेषतः खालून हवा खेळेल अशी. दिव्याचं बटण लावू नका आणि लागलेलं असेल तर बंदही करू नका. दोन्ही वेळा आत ठिणगी पडते. फ्रीजला, मिक्सरला हात लावू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेर गेल्यावर १९०६ ला फोन करा. हा नंबर गॅसगळतीसाठी देशभर आहे. गळती शोधायची तर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे येतात. काडी ओढून कधीही बघायचं नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. आपल्यातल्या बऱ्याच जणी सुकापूर, नवीन पनवेलच्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जातात. तिथं काही ठिकाणी पाइपाचा गॅस आहे. हा मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. तो गळला तर वर छताकडं जातो, म्हणून तिथं वरची खिडकी, वरची जाळी मोकळी लागते. म्हणजे सकाळी ज्या घरी काम करतो तिथं गॅस वर जातो आणि दुपारी आपल्या घरी तो खाली बसतो. दोन्हीकडं तीच बाई असते, तेव्हा दोन्ही माहीत हवं. मालकिणीनं जुनी शेगडी दिली तर ती आणून तशीच टाकीला लावू नका. दोन गॅसना आतली छिद्रं, म्हणजे जेट, वेगवेगळे लागतात. मेकॅनिककडून बदलून घ्यावे लागतात.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ता जमा झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवू या. प्रत्येकीनं घरून पाच गोष्टी बघून यायच्या: टाकीपेक्षा शेगडी उंच आहे का, नळीवरची तारीख काय, टोपी जागेवर आहे का, टाकीजवळ कुठला जाळ आहे, आणि रेग्युलेटर आपला आपल्याला लावता-काढता येतो का. टाकी आली की आणणाऱ्यासमोरच गळती आणि वजन तपासून घ्यायचं, तो आपला हक्क आहे. ज्यांची नळी जुनी आहे त्यांना गटातून छोटं कर्ज देता येईल. ओट्यासाठीसुद्धा देता येईल. शेळीला, शिलाई मशीनला आपण देतोच की.

आणि ज्यांना रेग्युलेटर लावता येत नाही त्यांना शेजारणीनं शिकवायचं, बैठकीतच, रिकाम्या टाकीवर. रिकाम्या टाकीतही थोडा गॅस उरतो, तेव्हा ते अंगणात, जाळापासून लांब. पुस्तकावर नाव आपलं आहे. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करणारा हातही आपलाच असू दे.