शब्दवेध : दगडफूल

धार-देवासच्या मराठी घरांत गोडा मसाला करायचा, तर बाजारात ‘पत्थरफूल’ मागायचे आणि घरी आणून त्याला ‘दगडफूल’ म्हणायचे. संस्कृतात ते शैलेय, शिळेवर जन्मलेले. तिन्ही नावांत दगड आहे. पण मसाल्यातले दगडफूल बहुधा पार्मोट्रेमा या उष्ण प्रदेशात रमणाऱ्या प्रजातीचे असते, आणि ते खडकाइतकेच, किंबहुना जास्तच, झाडांच्या सालींवर वाढते.

फूल तर ते नव्हेच. बुरशी आणि शैवल यांचा हा एकत्र संसार : बुरशी आसरा व ओलावा देते, शैवल अन्न तयार करते. देवासकरांना हे लगेच उमगेल. त्यांच्या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदली.

पार्मोट्रेमातला ‘ट्रेमा’ म्हणजे ग्रीकमध्ये छिद्र. या प्रजातीतल्या कित्येक जातींच्या बीजाणूंच्या वाट्यांना मधोमध भोक असते. पाकळ्या रुंद, राखाडी. कडेला अनेकदा काळे केस. खरी खूण मात्र खालच्या बाजूला. पोट काळे, त्यावर मुळांसारखे तंतू, पण कडेचा पट्टा तंतूंवाचून मोकळा. मसाला भाजण्याआधी एक तुकडा उलटून नक्की पाहा.